घाटासाठी टायर

माझी बायको किनुए गेली त्या दुपारी मी शेडमधून हिवाळ्याचे, बर्फाला धरणारे टायर बाहेर काढत होतो. अंगणात बर्फकिडे उडायला लागले होते. हे कापसासारखे पांढरे किडे दिसले की आठवडाभरात बर्फ पडतो असं आमच्याकडे धरतात, आणि मग घरोघरी पुरुष जॅक शोधायला लागतात. मीही तेच करत होतो. आत फोन वाजत होता. दुपारचे फोन नेहमी तिच्यासाठीच असायचे, म्हणून मी उठलो नाही. तो थांबला, परत वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा हात पुसत गेलो.

शेजारच्या ओनोदेराबाई होत्या. समाजमंदिरात सगळ्याजणी मिळून मुळ्याचं लोणचं घालत होत्या, तिथे किनुए खाली बसली ती उठलीच नाही, रुग्णवाहिकेतून नेलंय, असं त्या सांगत होत्या. मी विचारलं, ‘‘गाडी कुठंय?’’ माझ्या तोंडून तेवढंच निघालं. गाडी ती घेऊन गेली होती. बाई म्हणाल्या, ‘‘गाडी राहू द्या हो, मी येते न्यायला.’’

दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी घड्याळात बघून वेळ सांगितली. मला ती आठवत नाही.

गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आणली. मागच्या सीटवर पाल्यासकट मुळे तसेच होते. पाला मलूल झाला होता. किनुए बुटकी, त्यामुळे तिची सीट अगदी पुढे ओढलेली. माझे गुडघे स्टिअरिंगला लागत होते. तसाच चालवत घरी आलो. सीट मागे सरकवलेली नाही.

ही गाडी तिने जूनमध्ये घेतली होती. आमची जुनी वॅगन मोठी होती, दवाखान्याच्या आवारात लावताना तिला त्रास व्हायचा. वॅगन देऊन ही छोटी, चौकोनी डब्यासारखी गाडी आणली. सगळा व्यवहार तिनेच केला. मी सही तेवढी केली.

तिच्या अस्थी कुठे ठेवायच्या ते ती आधीच सांगून बसली होती. तिचं माहेर घाटापलीकडे, समुद्रकाठी. दर शरद ऋतूत आम्ही तिचा धाकटा भाऊ तेत्सुजी याच्याकडे जायचो आणि माशाची अंडी घेऊन यायचो. एकदा परत येताना घाटात ती म्हणाली, ‘‘अहो, मला आईशेजारी ठेवा. आणि तुम्ही स्वतः न्या. तेत्सुजीच्या हाती देऊ नका. तो गाडी चालवत नाही, फेकतो.’’

मी हसलो आणि बरं म्हणालो. माझी जागा कुठे, हे आम्ही बोललोच नाही.

तिच्या माहेरच्या देवळात अस्थी ठेवायला आतल्या दालनात लाकडी कपाटं आहेत. त्यामुळे बर्फाची अडचण नव्हती. आमच्या गावातली दफनभूमी नोव्हेंबरात बर्फाखाली गाडली जाते, ती एप्रिलपर्यंत दिसत नाही. तिथे ठेवायचं असतं तर मी निवांत थांबलो असतो. पण तिकडे एकोणपन्नासाव्या दिवशी, म्हणजे विधी करून अस्थी ठेवतात त्याच दिवशी, नेता येणार होतं. तो दिवस डिसेंबरच्या सुरुवातीला, रविवारी येत होता. तेत्सुजीने तिथल्या भिक्खूंना सांगून ठेवलं. आमच्याकडून तिकडे जाणारी रेल्वे बंद झाली आहे आणि रविवारी बस नसते.

मुलगी मिसातो अंत्यविधीला आली होती. ती शिझुओकाला असते. होक्काइदो सोडून तिला वीस वर्षं झाली, तिकडे बर्फ लांबच्या डोंगरावरच दिसतो. जायच्या आदल्या दिवशी भांडी विसळता विसळता तिने विषय काढला.

‘‘बाबा, वय झालं, लायसन्स परत करा आता. ओनोदेराकाकूंच्या यजमानांनी केलं ना?’’

‘‘त्यांना दिसत नाही.’’

‘‘तुम्हाला दिसतं?’’

मी म्हणालो, एकोणपन्नासावा दिवस होऊ दे, मग बघू. बराच वेळ ती एकच वाटी विसळत राहिली. मग म्हणाली, घाटात जाणारच असाल तर शेडमधले ते जुने टायर घालायचे नाहीत. नवे मी घेऊन देते. मी नको म्हणालो, तर म्हणाली, ‘‘मला काहीतरी करू द्या हो.’’

परत गेल्यावर तिने फोन करून माप विचारलं. मी शेडमध्ये गेलो, टायरच्या कडेवर बॅटरी धरली, फोटो काढला आणि पाठवला. तेवढंही काम मला त्या दिवसांत जड जात होतं. अंत्यविधीचे आभार कळवायचे होते, किनुएची पेन्शन बंद करायची होती, तिचा चष्मा कुठे ठेवायचा ते ठरत नव्हतं. आठवडाभराने कुरिअरवाल्याने चार टायर दारात आणून एकावर एक रचले. मोठे होते. आमच्या घरी हिवाळ्याचे टायर नेहमी एवढेच असायचे. मला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

नुसतं रबर आलं होतं, ते चाकावर चढवायला दुकान लागतं. तीन टायर मागे कोंबले. चौथा पुढे, मी एरवी बसायचो त्या सीटवर ठेवला आणि टायरवाल्या हाताकेयामाकडे गेलो. आदल्या रात्री पातळ बर्फ पडून गेला होता, त्यामुळे त्याच्या दुकानासमोर रांग होती. हाताकेयामा माझ्याच वयाचा, आम्ही एकाच गरम पाण्याच्या झऱ्यावर आंघोळीला जातो. माझा नंबर आला तेव्हा त्याने टायर पाहिले, मग गाडी पाहिली, मग परत टायर पाहिले.

‘‘हे कुणाचे रे, नुनोकावा?’’

‘‘या गाडीचेच.’’

तो खाली बसला आणि पुढच्या चाकावर हात ठेवून मला बोलावलं. चाकाला चार नट होते. ‘‘तुझ्या वॅगनला पाच होते,’’ तो म्हणाला. ‘‘हे वॅगनचं माप आहे. कुठून घेतलंस?’’

‘‘शेडमधून.’’

‘‘माप गाडीवर बघतात. शेडमध्ये नाही.’’

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. जूनमध्ये वॅगन गेली ती उन्हाळ्याच्या टायरांवर गेली. हिवाळ्याचे शेडमध्येच राहिले. जूनमध्ये हिवाळ्याची आठवण कुणाला येते? हाताकेयामा म्हणाला, दरवर्षी चार-पाच जण तरी असा घोळ घालतात, उन्हाळ्यात गाडी विकतात आणि बर्फ पडला की पाच भोकांची चाकं घेऊन माझ्याकडे येतात. ‘‘पण तू असं करशील असं वाटलं नव्हतं.’’ चाळीस वर्षं मी लाकूड गिरणीच्या आवारात लोडर चालवला. गल्लीतल्या निम्म्या गाड्यांचे टायर मीच बदलायचो.

त्याने मला चहा दिला आणि दुकानात काय आहे ते दाखवलं. या गाडीला लागतो १५५/६५ चौदा. पहिला आकडा रुंदी, दुसरा कडेची उंची, शेवटचा आतल्या चाकाचा व्यास. मिसातोने पाठवलेला सोळाचा होता, तो चौदाच्या चाकावर बसणारच नाही. मी विचारलं, चौदाचाच पण जरा रुंद घेतला तर? तो म्हणाला बसेल, पण स्टिअरिंग पूर्ण वळवलंस की आत घासेल, आणि घाटात पूर्ण वळवावं लागतं. बरोबर मापाचे होते ते संपले होते. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी हीच गाडी घेतली आहे. मागवले तर वर्षअखेरीस येतील, कदाचित नंतर.

‘‘पुढचे दोनच मिळतील का?’’

‘‘पुढचं टोक थांबेल आणि मागचं टोक पुढे येईल. चारही सारखेच हवेत.’’

कोपऱ्यात एक जुना संच होता, चाकांसकट, चार भोकांचा, मापही बरोबर. खाचा खोल दिसत होत्या. मी खूश झालो. त्याने कडेवरचे शेवटचे चार आकडे दाखवले. पहिले दोन कितवा आठवडा ते सांगतात, पुढचे दोन कुठलं वर्ष. टायर बरेच जुने होते. मग माझा अंगठा धरून त्याने नख रबरात दाबलं. नख आत गेलं नाही. शेजारच्या नव्या टायरवर दाबलं तर वण उठला आणि हळूहळू भरून आला.

‘‘खाचा आहेत, पण रबर मेलंय. बर्फाला धरत नाही. नवे येईपर्यंत वापर. बाजार, दवाखाना. घाटात नाही.’’

मी म्हणालो, गावातच फिरवीन. तो नट आवळत होता. वर न बघता त्याने विचारलं, ‘‘किनुएसानना कधी नेणार?’’

‘‘पुढच्या रविवारी.’’

‘‘मग तेत्सुजीला बोलाव.’’

‘‘त्याला नाही.’’

त्याने पाना खाली ठेवला, चौथं चाक पुन्हा एकदा तपासलं आणि पुढच्या गाडीकडे वळला.

त्या संध्याकाळी मिसातोला फोन करून सांगितलं. चूक माझी होती, पण ती स्वतःवरच चिडली. म्हणाली, अंत्यविधीला आले तेव्हा ती गाडी दारातच होती, रोज तिच्या शेजारून जात होते, तरी एवढे मोठे टायर मागवले. मग टायर परत पाठवता येतात का ते बघते म्हणाली. मी म्हणालो, राहू दे.

रविवारच्या आदल्या दिवशी मी घाट बघून यायचं ठरवलं. हाताकेयामाला जे सांगितलं होतं ते मला आठवत होतं. अस्थिकलश सीटवर नीट राहतो का तेही बघायचं होतं, म्हणून मुळ्याचं लोणचं दाबायला पिंपावर ठेवलेला दगड आणून शेजारच्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा लावला. गावात आणि पुलावर गाडी ठीक चालली. चढालाही त्रास झाला नाही. बोगद्याच्या अलीकडच्या वळणावर रस्ता उतरतो, तिथे मी ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडीने ऐकलं नाही. गाडी घसरली तीही सावकाश. आडवी होत पलीकडच्या बाजूला गेली आणि बर्फाच्या भिंतीला टेकून थांबली. समोरून दुधाचा टँकर येत होता. तो अजून लांब होता. चालकाने थांबून काच खाली केली, मला काही झालं नाही ना विचारलं, आणि माझे टायर बघून नुसती मान हलवली.

दगड पट्ट्यातून निसटून खाली पडला होता. पडताना समोरच्या खणाचं झाकण फोडून गेला होता. मी तो उचलून परत सीटवर ठेवला. मग गाडी वळवून घरी आलो.

त्यामुळे एकोणपन्नासावा दिवस घरीच झाला. आमच्या गावचे भिक्खू येऊन सूत्रांचं पठण करून गेले. मिसातो आली होती. तेत्सुजी घाट ओलांडून आला, अंड्यांचा डबा घेऊन. जेवताना तो म्हणाला, ‘‘दाजी, आज मीच घेऊन जातो ताईला. माझे टायर याच वर्षीचे आहेत. भिक्खूही थांबलेत तिकडे.’’

मिसातो माझ्याकडे बघायला लागली. सांगावंच लागलं.

‘‘तिने नको म्हणून सांगितलंय.’’

‘‘ताईने? का बरं?’’

‘‘तू गाडी फेकतोस म्हणे.’’

तो सूपच्या वाटीत बघत बसला. नंतर म्हणाला, ‘‘मला गाडी तिनेच शिकवली. तेव्हाही हेच म्हणायची.’’ तो संध्याकाळ व्हायच्या आत निघाला. त्याची गाडी वळेपर्यंत आम्ही दोघं दारात उभे होतो. खरंच, वळणावर तो गाडी फेकतो.

मिसातोने जाताना लायसन्सचा विषय काढला नाही. तुमचे टायर आले की हळू जा, एवढंच म्हणाली.

नवे टायर जानेवारीत आले. हाताकेयामाने बसवले आणि सांगितलं की नवं रबर वरून गुळगुळीत असतं, पहिले काही दिवस हळू चालवून ते जरा घासू द्यायचं, जोरात ब्रेक मारायचा नाही, मग घाट. त्याप्रमाणे मी रोज गाडी काढतो. बाजारात जातो. काम नसलं तर पुलापर्यंत जाऊन येतो. गाडी छान धरते. गुडघे अजून स्टिअरिंगला लागतात.

मिसातो दर रविवारी फोन करते. गेलात का, विचारते. मी सांगतो, टायर अजून मुरायचे आहेत.

‘‘टायर म्हणजे लोणचं आहे का, बाबा?’’

मुळ्याचं लोणचं केव्हाच मुरलं. गाडीत राहिलेले ते मुळे ओनोदेराबाईंनी आमच्या पिंपात घालून दिले होते. मी एकटा खातो, त्यामुळे संपत नाही. तेत्सुजीचाही फोन येतो. कपाट पुसून ठेवलंय, आईच्या शेजारचंच मिळालंय, पाटीही लावलीय, कधीही या, असं सांगतो. तो घाई करत नाही.

काल पुलावर हाताकेयामा भेटला. त्याने मला थांबवलं, वाकून चारही टायर पाहिले आणि एकावर अंगठा फिरवला.

‘‘झाले की. केव्हाच झाले. आता कसली वाट बघतोयस?’’

मी म्हणालो, काही नाही, जातो. तिथून घाटाचा रस्ता दिसत होता. बर्फ काढून साफ केलेला होता, मधोमध डांबर काळं दिसत होतं. मी गाडी वळवली आणि घरी आलो. शेडमध्ये आठ टायर पडून आहेत, सगळे वॅगनचे, त्यांना कुणी घेणारं मिळालं नाही. किनुए आतल्या खोलीत आहे. सकाळी तिच्यापुढे भात आणि चहा ठेवतो. तिला तिच्या आईशेजारी नेऊन ठेवायचं राहिलं आहे.