मूळ मालक

सासूबाईंनी बाळाला डाव्या खांद्यावर टाकलं आणि उजव्या हातानं लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटवलं.

"आधी दोन घास खाऊन घे. तुझं ते नाव कुठं पळून जात नाही."

"पळूनच जातंय, आई." तिनं झाकण पुन्हा उघडलं. "चार मिनिटं राहिलीत."

पडद्यावर 'लाकडीघोडा डॉट कॉम' असं नाव होतं, त्याखाली उलटं चालणारं घड्याळ आणि बोलीचा आकडा. कालपर्यंत त्या लिलावात ती एकटी होती. आज सकाळी अकराला दुसरं कुणीतरी आलं. तिनं बोली वाढवली की समोरचा मिनिटाच्या आत वर चढायचा, दर वेळी गोल आकड्यानं. शेवटच्या पाच मिनिटांत बोली लागली की घड्याळ परत पाचावर जायचं. असं आठ वेळा झालं होतं.

धंदा सांगायला साधा होता. इंटरनेटवरचं नाव कुणी कायमचं विकत घेत नाही, वर्षाच्या भाड्यानं घेतो, आणि दर वर्षी भाडं भरून ते राखतो. लोक विसरतात. विसरलेल्या नावांची यादी रोज सकाळी निघते. त्यातलं कुणाला तरी हवंसं वाटेल असं नाव हेरायचं, लिलावात स्वस्तात घ्यायचं आणि ज्याला हवं त्याला चढ्या भावानं विकायचं. विमा कंपनीच्या दावे विभागात सात वर्षं गेल्यामुळं तिला तारखा वाचायची सवय होती. कुणाची पॉलिसी कधी बंद पडली ते ती तेव्हा शोधायची, आता कुणाचं नाव कधी सुटलं ते. बाळंतपणाची रजा संपली, मग बिनपगारी रजा घेतली. गेल्या सहा महिन्यांत बावीस नावं घेऊन झाली होती. विकलं एकही गेलं नव्हतं.

"दुकान नाही, माल नाही, आणि म्हणे विक्री," सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. पण बाळ घ्यायला कधी नाही म्हणायच्या नाहीत.

शुक्रवारी ऑफिसला कळवायचं होतं, येते किंवा येत नाही. नवरा भांडला नव्हता. एवढंच म्हणाला होता, "एक तरी विकलं जाऊ दे गं. म्हणजे मलाही वाटेल की हे काहीतरी आहे." ते बरोबरच होतं, म्हणून तर जास्त लागलं होतं. पाळणाघर ती बघून आली होती. स्वच्छ होतं, उजेड होता, बायका गोड बोलत होत्या. एका ओळीत अकरा पाळणे. तिसऱ्या पाळण्यातल्या मुलाचं नाक वाहत होतं आणि ती तिथं उभी होती तोवर ते कुणी पुसलं नाही. तिनं घड्याळ लावून बघितलं होतं. नऊ मिनिटं.

तिनं आणखी एक बोली लावली. हीच तिची शेवटची होती. मर्यादेचा आकडा तिनं सकाळीच ठरवला होता आणि स्वतःला बजावलं होतं की याच्या पुढं एक पैसाही नाही. समोरच्यानं चाळीस सेकंदांत त्यावर पाय दिला.

तिनं हात मांडीवर ठेवले. समोरचा कोण असेल ते तिला सकाळपासून ठाऊक होतं. फक्त ते ती स्वतःशी कबूल करत नव्हती. आठ दिवसांपूर्वी नाव दिसल्या दिसल्या तिनं एका खेळण्यांच्या कंपनीला लिहिलं होतं: हे नाव तुम्हाला हवं असेल तर माझ्याकडून मिळू शकेल. नाव हातात नसताना. या धंद्यात हे करायचं नसतं हे तिला सांगणारं कुणी नव्हतं. तिकडच्या साहेबानं दहा मिनिटांत उत्तर दिलं, भरभरून कौतुक केलं, आकडासुद्धा सांगितला. तिच्या मर्यादेच्या बारापट. त्या आकड्यावर ती आठ दिवस तरंगत होती.

तिनं त्याला फोन लावला.

"मॅडम, काय आहे ना," साहेब म्हणाला. मागं कुणाचं तरी हसू ऐकू येत होतं. "तुम्ही नाव सुचवलंत ते छानच. पण जे उघड लिलावात पडलंय ते आम्ही मधल्या माणसाकडून कशाला घ्यायचं?"

"तुम्ही मला आकडा दिला होता."

"नाव तुमच्या हातात असतं तर दिलेच असते की पैसे. मनाला लावून घेऊ नका. दुसरं काही चांगलं सापडलं तर जरूर कळवा."

"कळवते," ती म्हणाली. "हातात आल्यावर."

फोन ठेवेपर्यंत घड्याळ शून्यावर आलं होतं.

"गेलं?" सासूबाईंनी विचारलं.

"गेलं."

त्यांनी ताट पुढं सरकवलं. ती उभ्यानंच जेवायला लागली. चार घास गेले आणि पाचवा हातातच राहिला.

लिलावाच्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत एक नियम होता. लिलाव संपला तरी मूळ मालकाला पाच दिवसांची मुभा असते. त्यानं नेहमीचं वर्षाचं भाडं भरलं की लिलाव रद्द होतो आणि नाव त्याचं त्याला परत मिळतं. हा नियम तिला पाठ होता, कारण त्यानं तिची दोन नावं हातातोंडाशी येऊन गेली होती. तेव्हापासून प्रत्येक लिलाव जिंकल्यावरचे पाच दिवस ती बाळाच्या कपाळाला हात लावून बघावा तशी तासातासानं ते पान बघायची आणि एकच मागणं मागायची, मालकाला जाग येऊ नये.

आज मालकाला जाग आली तर? नाव त्याचं. कंपनीला तर ते हवंच आहे. आणि कंपनी कुठवर जाईल तो आकडा मालकाला माहीत नाही, तिला आहे. पाचवा हिस्सा दलाली मागितली तरी ऑफिसचा चार महिन्यांचा पगार सुटत होता.

तिनं हात धुतले. जुन्या वेबसाइटच्या प्रती जिथं साठवून ठेवलेल्या असतात तिथं जाऊन तिनं 'लाकडीघोडा'चं मागच्या वर्षीचं पान काढलं. फार काही नव्हतं. खेळणी दुरुस्त करून मिळतील, फोटो पाठवा, आणि एक फोन नंबर. दुकान कधीचंच बंद झालं असणार, असं धरून तिनं नंबर फिरवला.

"लाकडी घोडा," एका वयस्क बाईंचा आवाज आला. "बोला, काय मोडलंय?"

दुकान चालू होतं.

"मोडलं काही नाही, काकू. तुमच्या वेबसाइटबद्दल फोन केलाय. ती बंद आहे हे माहीत आहे का तुम्हाला?"

"बंद? नाही बाई. भाच्यानं करून दिलीय ती." पलीकडं काहीतरी घासत असल्याचा आवाज थांबला. "कधीपासून?"

"सव्वा महिना झाला."

"तरीच! मी म्हणतेय फोटो का येत नाहीत. मला वाटलं लोकांची पोरं एकदम शहाणी झाली, मोडतच नाहीत काही."

तिनं समजावून सांगितलं. वर्षाचं भाडं भरायचं राहिलं. त्याची आठवण करून देणारे ई-मेल भाच्याच्या पत्त्यावर गेले असणार. बाई म्हणाल्या, भाच्यानं त्याच्या जुन्या कचेरीतला पत्ता दिला होता आणि ती नोकरी सोडूनही त्याला आठ महिने झाले. तरी अजून पाच दिवस आहेत, ती म्हणाली, आत्ता भरलंत तर नाव परत मिळेल.

पलीकडचा आवाज बदलला.

"हे बघा, असे फोन मला फार येतात. आता तुम्ही तो आकडा विचारणार ना, मोबाइलवर येतो तो?"

"नाही विचारणार. मला काहीच सांगू नका. पासवर्ड नाही, आकडा नाही, कार्डही नाही. कुठं दाबायचं तेवढं मी सांगते, दाबायचं तुम्ही."

"आणि तुम्हाला यात काय मिळतंय?"

याचं उत्तर तिनं तयार ठेवलं होतं, पण नंतरसाठी. ती तोंड उघडणार एवढ्यात सासूबाईंच्या खांद्यावर बाळानं भोकाड पसरलं. सासूबाई थोपटत, हलवत, "गप गं माझी राणी" करत खिडकीपर्यंत जाऊन आल्या. उपयोग झाला नाही. शेवटी तिनं फोन मानेत धरून बाळाला स्वतःकडं घेतलं.

"केवढं आहे?" बाईंनी विचारलं.

"नऊ महिन्यांची. सॉरी हं."

"दात येतायत तिला. ते रडणं वेगळं असतं." बाई थोड्या हसल्या. "थांबा, चष्मा घेते, कॉम्प्युटर लावते. लुबाडायला बसलेलं माणूस मागं बाळ रडवत ठेवत नाही."

पासवर्ड भाच्यानं कागदावर लिहून गल्ल्याच्या झाकणाला आतून चिकटवला होता. त्यातलं एक अक्षर वंगणाच्या डागाखाली गेलं होतं. तीनदा चुकला, चौथ्यांदा लागला. मग कार्ड सापडेना, मग सापडलं. ती बाळाला कमरेवर घेऊन टेबलाभोवती फेऱ्या मारत सांगत राहिली, "आता वर उजवीकडं बघा. नाही काकू, ते लाल नका दाबू. त्याच्या खालचं." बाळ तिचा झुमका ओढत होतं. पंचवीस मिनिटं गेली.

"हिरवी खूण आली," बाई म्हणाल्या.

तिनं लिलावाचं पान पुन्हा उघडलं. 'मूळ मालकाने नूतनीकरण केल्यामुळे हा लिलाव रद्द करण्यात आला आहे.' हे वाक्य तिनं पूर्वी दोनदा वाचलं होतं, दोन्ही वेळा नाव तिच्या हातून गेलं होतं.

"काकू, आता नीट ऐका," ती खुर्चीत बसली. "हे नाव एका मोठ्या कंपनीला हवंय. ते किती देतील ते मला माहीत आहे." तिनं आकडा सांगितला. "त्यातला पाचवा हिस्सा माझा. बाकी सगळं तुमचं."

बाईंनी तो आकडा स्वतःशी एकदा म्हणून बघितला.

"आणि मग माझ्याकडं येणारा माणूस कुठं जाईल?"

"त्यांच्या पानावर."

"मोडकं खेळणं घेऊन?"

"हो."

"ते काय करतील त्याचं?"

"काही नाही. नवं विकतील."

"मग नको."

"काकू, घाईनं नका ठरवू. तुम्ही दुसरं नाव घ्या, मी शोधून देते, जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून—"

"त्यांचे नंबर माझ्याकडं कुठं आहेत? तेच शोधत येतात."

"मी आकडा वाढवून मागेन. ते देतील. त्यांना फार हवंय."

"असेल. मलाही हवंय."

तिनं डोळे मिटले. बाळानं तिच्या हनुवटीवर ओला हात ठेवला होता. आणखी एकदा म्हणून बघावं, असं तिला वाटलं आणि तिनं म्हणूनही बघितलं. बाईंनी तितक्याच शांतपणे नाही म्हटलं.

"फोन दलालीसाठीच केला होतास ना?" बाई आता एकेरीवर आल्या होत्या.

"हो, काकू."

"खरं सांगितलंस, बरं केलंस." घासण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, मग थांबला. "पण मला एक सांग. पुढच्या वर्षी परत असंच झालं तर? भाचा तर आता फोनसुद्धा उचलत नाही."

ती उत्तर देणार होती की तारीख कुठंतरी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. दावे विभागात ती लोकांना हेच सांगायची, आणि ते मान डोलवायचे, आणि पुढच्या वर्षी परत रांगेत उभे असायचे. समोर सकाळची यादी उघडीच होती. साडेचार हजार नावं. आज सकाळी तिनं ती वरून खाली चाळली होती आणि एकाही नावामागं फोन उचलणारं माणूस असेल असं तिच्या मनात आलं नव्हतं.

"मी बघेन," ती म्हणाली. "तारीख मी सांभाळेन. महिनाभर आधी फोन करेन, तुम्ही भरेपर्यंत करत राहीन. पण फुकट नाही. वर्षाचे पैसे घेईन." आणि तिनं रक्कम सांगितली.

"एवढे? अगं, एवढ्यात घोड्याचे चारी पाय बसतात."

"बसत असतील."

"थोडं कमी कर. म्हातारीला एवढं लावतेस?"

"कमी होणार नाही, काकू."

पलीकडून एक उसासा आला; तो खरा होता की घासाघिशीतला, ते कळायला मार्ग नव्हता.

"बरं. पत्ता सांग, तुझे पैसे पाठवते. आणि बाळाला गाजर दे चावायला, जाड तुकडा, नीट धरून."

तिनं फोन खाली ठेवला. सासूबाई दारात उभ्या होत्या, हातात तिचं अर्धं राहिलेलं ताट.

"विकलं का शेवटी?"

"नाही."

"मग एवढा वेळ काय चाललं होतं?"

तिनं बाळाचं नाक पदरानं पुसलं आणि तिला त्यांच्या हातात दिलं. मग खुर्ची पुढं ओढून यादी पहिल्या नावापाशी आणली, त्याचं जुनं पान उघडलं आणि तळाचा नंबर शोधला.

"आई, हिला अजून अर्धा तास घ्याल?"

"घेते. पण ते ताट?"

ती नंबर फिरवत होती. तीनदा घंटी वाजली, मग कुणीतरी उचललं. दुकानातली गडबड ऐकू येत होती.

"नमस्कार," ती म्हणाली. "दुकान चालू आहे ना तुमचं?"