मधलं दार

बाहेरचं दार

सागवानी, पितळी कड्यांचं, निजामाच्या काळातलं. वरच्या लाकडी सज्ज्यासकट तेवढं राहू दिलंय. लॅबची निळी पाटी त्यावर शोभते म्हणे. आत सगळं नवं. गुळगुळीत फरशी, काचा, फॉल्स सीलिंग.

गोपाळराव दर महिन्याला साखर तपासायला येतात. साखर त्यांना नाही. हैदराबादच्या मुलाने, हेरंबने, त्यांचं हे घर विकलं, इथे लॅब झाली, त्यानंतर तपासणी सुरू झाली.

मधलं दार

आता नाही.

भिंत पाडून रुंद वाट केलीय, नोंदणीच्या टेबलापासून रक्त घेतात त्या खोलीपर्यंत. इथे ठेंगणी चौकट होती आणि गोपाळराव ताडमाड. उटनूरच्या नोकरीवरून बसने थकलेले यायचे, कपाळ आपटायचे. मग बायको, कुमुदिनी, स्वयंपाकघरातूनच सांगू लागली, "वाका, साहेब." रोज. शेवटच्या आजारात खाटेवरूनसुद्धा.

ती गेली. चौकट गेली.

इथे आले की गोपाळराव वाकतात. वाकताना तिचा आवाज येतो. दुसरीकडे कुठे येत नाही.

मधलं दार, पुन्हा

आज रक्त घेणारी रंजीता बघत होती.

"काका, चक्कर येऊन राह्यली का तुमाले?"

"नाही वं पोरी."

"मंग? मागच्या खेपेलेबी इथंच वाकले तुमी. पडसान एखांद्या दिवशी, बोलणी मले बसतीन."

"सवय आहे."

"वाकाची सवय? कोनाले मुजरा करता?" ती हसली. दंडाला रबर बांधलं. "एकटे काऊन येता पन? येऊच नका आता. आमी घरी येतो ना सकाळी. लिवून घेऊ पत्ता?"

घरी. भाड्याचा फ्लॅट, उंच उंच दारं.

सांगावं हिला?

सांगितलं तर हसणार नाही. हळहळेल. टेबलावरच्या पोरींना सांगेल. मग पुढच्या महिन्यात सगळ्या माना वर करून...

नको.

"पत्ता नको लिहू. चक्कर नाही मला. चालून दाखवतो, बघ."

मधलं दार, आतून बाहेर

सुईच्या जागी कापूस दाबून ते निघाले. रंजीता दोन्ही हात पुढे करून मागे मागे, पडले तर धरायला.

"वाका, साहेब," कुमुदिनी म्हणाली.

ते वाकले नाहीत.

कपाळाला काही लागलं नाही.