चुकलेल्या घड्या

मावशींनी इस्त्री उचलून उभी ठेवली आणि चष्म्यावरून पाळकसाहेबांकडे बघितलं.

"काय पाहिजे म्हणालात?"

"तुमचे यजमान गेले तेव्हा मी रोज तुमच्याकडे येत होतो ना? तेव्हा मी जे काही बोललो, ते."

"ते आता कशाला?"

"मला पुन्हा हवंय," पाळकसाहेब म्हणाले, आणि स्वतःच ओशाळले.

दुकानात गरम सुती कापडाचा वास भरून राहिला होता. तीस वर्षं मावशी इथे गल्लीतल्या सगळ्यांचे कपडे धूत आणि इस्त्री करत आल्या होत्या. कोणाचं पोट सुटलं आणि कोणाची नोकरी सुटली हे घरच्यांच्या आधी त्यांना कळे. पाळकसाहेबांची पांढरी कॉलर गेले सहा आठवडे इस्त्रीला आलेली नाही, हेही त्यांच्या ध्यानात होतं.

गोष्ट अशी होती की सोमवारी पोस्टमनची बायको गेली. प्रार्थनेच्या पुस्तकातून वाचून पाळकसाहेबांनी दफनविधी नीट पार पाडला. पण त्यानंतर घरी जाऊन बसायचं असतं, ते त्यांच्याने होईना. आज गुरुवार. दोनदा ते पोस्टमनच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि दोनदा माघारी फिरले. सहा आठवड्यांपूर्वी त्यांची स्वतःची बायको गेली होती. तेव्हा चर्चची अख्खी मंडळी घरी येऊन गेली आणि प्रत्येकाने त्यांना त्यांचीच वाक्यं ऐकवली. पंचवीस वर्षं त्यांनी घरोघरी वाटलेली ती वाक्यं त्यांच्या स्वतःच्याच अंगाला बसेनात. श्रद्धा गेली नव्हती. प्रभू आपल्या जागी होता. पण पोस्टमनसमोर बसून तोंड उघडायचं तर त्यात घालायला काही उरलं नव्हतं.

तेव्हा त्यांना मावशी आठवल्या. नवऱ्यामागे अंथरूण धरलेली ही बाई पंधरा दिवसांत उठून दुकानात उभी राहिली होती, आणि तेव्हापासून साऱ्या मंडळीला सांगत आली होती, "साहेब होते म्हणून मी उठले."

"तुम्ही काहीच बोलला नव्हतात," मावशी म्हणाल्या.

"असं कसं? आठ-दहा दिवस येत होतो मी."

"बारा. पहिल्या दिवशी पुस्तक उघडलंत आणि तसंच मिटलंत. नवे होतात तुम्ही. मग तिथे धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडला होता, तो पुढ्यात ओढलात आणि घड्या घालायला बसलात."

"हो, आठवतं. तेवढीच आपली मदत."

मावशी मोठ्यांदा हसल्या.

"मदत कसली डोंबलाची! अहो, बाही एकीकडे, कॉलर एकीकडे. तुम्ही गेलात की मला उठून एकूण एक घडी मोडून पुन्हा घालावी लागायची. लोकांचे कपडे, तसे कसे द्यायचे? पडून राहीन म्हटलं तरी राहता येईना."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही नीट घातल्या असत्या."

त्या बारा दिवसांबद्दल पाळकसाहेबांनी मनातल्या मनात कितीदा स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. त्यांना वाईट वाटायला हवं होतं, पण आलं ते हसू, आणि हसता हसता डोळे भरून आले. मावशींनी पाहिलं की नाही कोण जाणे. त्यांनी चादरींचं एक गाठोडं टेबलावर सोडलं.

"आलाच आहात तर हात लावा. मी घालते ती घडी तिकडे रचून ठेवा."

पहिल्या दोन चादरी पाळकसाहेबांनी मुकाट्याने रचल्या. तिसरीची कड बोटभर बाहेर आली होती. ती त्यांनी उलगडली आणि पुन्हा घातली. चौथीची कड चांगली वीतभर बाहेर होती. तीही त्यांनी मोडली. पाचवी तर नुसती गुंडाळलेली होती. डोळे बांधले तरी ज्या हातांची घडी चुकणार नाही, त्या हातांतून आलेली. त्यांनी मान वर केली. मावशी भारी गंभीर चेहऱ्याने एका सदऱ्यावर पाणी शिंपडत होत्या.

पाळकसाहेबांनी पुढची चादर ओढली. टोकाला टोक जुळवून, तळव्याने दाब देत, बायको घालायची तशा त्यांनी उरलेल्या सगळ्या चादरींच्या घड्या घातल्या. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांना बरं वाटत होतं.

"आता जा त्याच्याकडे," मावशी म्हणाल्या.

"आणि काय बोलू?"

"ते प्रभू बघेल. पुस्तक थोडं मागाहून उघडा, म्हणजे झालं."

पोस्टमनच्या बहिणीने दार उघडलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "सोमवारपासून दादा त्या खुर्चीत बसलाय. काही विचारा, हूं नाही की चूं नाही. रात्री तेवढा आडवा होतो."

पाळकसाहेब पोस्टमनशेजारी जाऊन बसले. पुस्तक त्यांनी उघडलं नाही. मग पाळकसाहेब उठले आणि थेट स्वयंपाकघरात गेले. बहीण मागोमाग धावली, पण त्यांनी तिला हातानेच बसायला सांगितलं.

पाळकसाहेबांच्या चहाची कीर्ती साऱ्या मंडळीत होती. एका सभेला त्यांनी तो केला होता, आणि त्यानंतर ते काम त्यांना पुन्हा कोणी दिलं नव्हतं. त्यांनी पातेलं काठोकाठ भरलं, गॅस पेटवला, आणि दोन झाकणं खाली पाडली. फळीवर एकसारखे दोन डबे होते. त्यांनी उजवीकडचा काढला आणि चांगला मोठा चमचा भरला.

"तो नाही," बाहेरून आवाज आला. खुर्चीतून फळी समोरच दिसत होती. तीन दिवस न वापरलेला आवाज घोगरा झाला होता. "त्यात मीठ आहे."

"अस्सं," पाळकसाहेब म्हणाले. त्यांनी चमचा रिकामा केला आणि उरलेल्या एकुलत्या एका डब्याकडे बघत विचारलं, "मग साखर कुठल्या डब्यात?"

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला.