खोट्या चुण्या

“तिनं हा कोट घातलेलाच नाही,” हे वाक्य इस्त्रीवाल्याच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण समोर बायको बटणं लावत बसली होती, म्हणून त्यानं ते गिळलं आणि कोट टेबलावर नुसताच पसरून ठेवला.

“काय एवढं टक लावून बघताय?” बायको म्हणाली. “पोरगी राबतेय हो! बघा, कोटाची पार चिंधी करून पाठवलीय.”

“हं,” तो म्हणाला.

गल्लीत त्याला सगळे ‘कडक’ म्हणत. गिऱ्हाईक आलं, की मान वर न करता “कडक की साधी?” विचारायची सवय, त्यावरून पडलेलं नाव. माणूस मात्र इतका मऊ, की टेबलावर मांजर झोपलं तर त्याला उठवण्याऐवजी हा उरलेल्या अर्ध्या टेबलावर काम उरकायचा. मुलगी शहरातल्या कॉलेजात गेली तेव्हा त्यानं तिला सांगितलं होतं, “तुझ्या पुस्तकातलं मला ओ की ठो कळत नाही. पण तुझा कोट वर्गात सगळ्यांत झकास दिसेल, ही जबाबदारी माझी.” तेव्हापासून प्रयोगशाळेत घालायचे तिचे दोन पांढरे कोट आलटूनपालटून बसनं यायचे. गुरुवारी मळका यायचा, शनिवारी धुतलेला, खळ घातलेला परत जायचा.

सुरुवातीला त्या कोटांवर पिवळे, जांभळे डाग असत. एकदा तर खिशाला भोक पडलं होतं. आईनं ते रफू केलं आणि दुकानात येईल त्याला कौतुकानं दाखवलं. “आमच्या दोन्ही घरांतली कॉलेजात गेलेली ही पहिलीच,” हे वाक्य आता गिऱ्हाइकांनाही पाठ झालं होतं.

तीस वर्षं लोकांचे कपडे हाताळले, की कपडे चुगल्या करायला लागतात. बसून काम करणाऱ्याच्या कोटाला कमरेखाली आडव्या चुण्या पडतात. लिहिणाऱ्याच्या कोपराच्या आत बारीक जाळं होतं, बाहीची कड काळवंडते. हा कोट चुरगळलेला होता, पण सगळीकडे सारखाच, जसं काही कोणी दोन्ही हातांत धरून पिळला असावा. बाहीची कड पांढरीशुभ्र. वास येत होता तो त्याच्याच खळीचा.

आणि हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्यानं स्वतःला सांगितलं, की तिला बरं नसेल. दुसऱ्या आठवड्यात सुट्टी असेल. तिसऱ्या आठवड्यात त्याच्याकडची कारणं संपली. तरी रविवारी फोनवर त्यानं नेहमीसारखंच विचारलं, “सगळं ठीक?” ती म्हणाली, “ठीक.” मग तो म्हणाला, “कडक राहायचं हं!” ती म्हणाली, “हो बाबा.” फोन ठेवल्यावर त्याला स्वतःची लाज वाटली होती. विचारायचं धाडस नव्हतं, हे खरं. उत्तर काय येईल याची भीती वाटत होती.

आता हा चौथा आठवडा.

“उद्या शहरात जाऊन येतो,” तो म्हणाला. “नवी इस्त्री बघायचीय.”

“आणि दुकान?”

“बंद.”

बायकोनं सुई खाली ठेवली. लग्नाच्या दिवशीसुद्धा या माणसानं सकाळचे चार कपडे उरकले होते.

बसमध्ये त्यानं सगळं भाषण तयार केलं. आईचे कष्ट, आपले कष्ट, लोक काय म्हणतील. मुलीच्या भाड्याच्या खोलीचं दार वाजवलं तेव्हा अकरा वाजून गेले होते. तिनं दार उघडलं. केस विंचरलेले नव्हते, डोळे सुजलेले, आणि मागे फळीवर गेल्या शनिवारी पाठवलेला कोट, घडीसुद्धा न मोडलेला.

“बाबा? तुम्ही?”

“आज तास नाही का गं?”

“आहे ना. म्हणजे, दुपारी आहे.”

“माऊ.” तो खाटेच्या कडेला बसला. “चार आठवडे झाले. चुरगळलेला कोट आणि वापरलेला कोट मला वेगळा कळतो गं.”

ती भिंतीला टेकली ती तशीच खाली बसली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. परीक्षेत प्रयोग करताना काचेचं भांडं हातातून सुटून फुटलं. सर सगळ्यांसमोर म्हणाले, इस्त्री झकास आहे, डोक्याचं काय? वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजच्या फाटकापर्यंत गेली आणि परत आली. तिसऱ्या दिवशीही तेच. आता तर फाटकापर्यंतही जाववत नव्हतं.

“दर बुधवारी कोट हातानं चुरगळायचे,” ती म्हणाली. “तुम्हाला कळू नये म्हणून.”

“अगं, पण आम्ही तिकडे...” भाषण सुरू झालं आणि तिचा चेहरा बघून तिथेच थांबलं. त्याच्या ध्यानात आलं. वर्ग हसला तो त्याच्या खळीला. आणि हा दर शनिवारी आणखी खळ घालून पाठवत राहिला.

“मला पहिल्याच आठवड्यात संशय आला होता,” तो म्हणाला. “मी विचारलं नाही. घाबरलो. तू इथे एकटी, आणि मी तिकडे कॉलर घासत बसलो. माझं चुकलं.”

“मला नाही जमत कडक राहायला, बाबा.”

“नको राहूस.”

“मग कॉलेज?”

“ते मला नाही सांगता येत.” त्यानं खरं तेच सांगितलं. “पण एकटीनं नाही ठरवायचं. आणि फाटकापाशी जायचं असेल तर मी येईन. आत नाही जाववलं तर परत येऊ.”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बायको होती.

“पोचलात का? पोरीकडे डोकावलात? कशी आहे?”

‘ठीक’ हा शब्द सवयीनं ओठांवर आला. मुलगी त्याच्याकडे बघत होती. मान हलवून ती ‘नका सांगू’ म्हणत होती.

“बरी नाही गं ती,” तो म्हणाला. “महिनाभर कॉलेजला गेलेली नाही. भेदरलीय. आपल्याला सांगायलासुद्धा भेदरलीय.”

मुलीनं डोळे गच्च मिटून घेतले. त्याला वाटलं, आता स्फोट होणार.

“मला तिकडे यायला बस कितीची आहे?” बायकोनं विचारलं.