दासगावच्या नकाशावरचं नाव

अमरीनने त्या इवल्याशा नकाशासाठी चार रविवार घातले होते. खेळ बंदुकांचा. महाडच्या सायबर कॅफेत आठ कॉम्प्युटर जोडून पोरं तो खेळत. तिचा चुलतभाऊ उबेद याने त्या खेळासाठी एक नवीन मैदान बांधलं होतं, आपल्या दासगावचंच. खाडीवरचा धक्का, मोहल्ला, मागची भाताची खाचरं, सगळं होतं. पण खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात जो बोटभर नकाशा दिसतो, आपण कुठे उभे आहोत ते ठिपक्याने सांगतो, तो काही त्याला जमेना. वरून घेतलेलं चित्र तसंच लहान केलं की सगळा चिखल व्हायचा.

अमरीनला जमलं. अब्बांनी कुवेतहून पाठवलेल्या पैशांतून घरी कॉम्प्युटर आला होता. त्यावर तिने आधी नको ते सगळं पुसलं, झाडं, कौलांच्या रेघा, सावल्या. घरं विटकरी, वाटा फिक्या, खाडी गडद निळी. खाचरांना मात्र तिने खिडकीबाहेर बघून रंग दिला. श्रावणातलं भात होतं ते, त्यापुढे कुठलाच हिरवा तिला पुरेना. शेवटी पडद्यावरच्या रंगपेटीतला सगळ्यात कडक हिरवा घेतला.

उबेदने फ्लॉपी नेली आणि नकाशाच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव टाकलं. ते तिला कळलं होतं. तिने ते चालवून घेतलं.

रविवारी दुपारी तो घरी आला तो तणतणतच. कॅफेत पोलादपूरची पोरं सामना खेळायला आली होती आणि नकाशावर खाचरांच्या जागी नुसती भोकं दिसत होती. माणसं भोकांतून चालत होती. "दासगावात शेती नाय काय रे?" असं विचारून पोरांनी त्याला नको करून सोडलं होतं. सामना अर्धा राहिला होता, ती पोरं अजून कॅफेतच होती.

"तुझ्यापायी नाक कापलं गो माझं," उबेद म्हणाला.

"तू त्यांना काय सांगितलंस?"

"काय सांगणार? अमरीनने काढलाय, मी नाय."

अमरीनचा संताप झाला. चार रविवार तिचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. चूक निघाली तेव्हा मात्र आठ कॉम्प्युटरसमोर ते घेतलं गेलं होतं.

तिने विचारलं, नकाशा कसा करायचा हे कुठे लिहिलेलं आहे का? उबेदने खिशातून छापील कागद काढला. तो महिनाभर त्याच्याकडेच होता. इंग्रजी कागद हिला कशाला, असं त्याला वाटलं होतं. तिसऱ्याच ओळीत लिहिलं होतं की अगदी शुद्ध हिरवा रंग हा खेळ दाखवत नाही, तिथे आरपार दिसतं.

तिने ओढणी घेतली, आई सकिनाला सांगितलं, आणि उबेदच्या पुढे जाऊन महाडला जाणाऱ्या मिनीडोर रिक्षात बसली.

कॅफेत पोरं तिच्याकडे बघत राहिली. मालक सयाजीकाकांनी खुर्ची पुढे सरकवली. तिने हिरव्यात थोडा पिवळा मिसळला, एकेक खाचर भरलं. दहा मिनिटांचं काम. मग उबेदचं नाव पुसून तिथे स्वतःचं लिहिलं.

उबेद वाकून हळूच म्हणाला, "नाव कशाला? पोरं चेष्टा करतील."

"मघाशी माझं नाव घेतलंस, तेव्हा चेष्टा झाली नाही?"

"बरं, राहू दे. लवकर कर, ती पोरं निघालीत."

अमरीनने माऊसवरचा हात काढून घेतला. "आधी त्यांना कागदाचं सांग."

पोलादपूरच्या पोरांपैकी एक दारातून मागे वळला. सयाजीकाका उगाच टेबल पुसू लागले. उबेदने एकदा तिच्याकडे, एकदा पडद्याकडे पाहिलं. ती हलत नव्हती.

"कागद माझ्याजवळ व्हता," तो शेवटी म्हणाला, जमिनीकडे बघत. "मी तिला दिलाच नाय. नकाशा तिचा हाय, चूक माझी."

कुणीतरी फिसकन हसलं. या वेळी ते हसू तिच्यावर नव्हतं.

तिने नकाशा साठवला आणि उठली. सयाजीकाका म्हणाले, बस की पोरी, एक डाव बघून जा. ती थांबली नाही. राग अजून तसाच होता, आणि तो घेऊनच ती मिनीडोरच्या थांब्याकडे निघाली.