अकरा वर्षं गाडीखाली

मी एक जुना ओव्हनचा ट्रे आहे. मित्रांनो, 'ओव्हनचा' हा शब्द पुन्हा एकदा वाचा, कारण तो सगळेच विसरले आहेत. आज माझ्या अंगावर काळ्या तेलाचे थर आहेत, एका कोपऱ्यात मेलेली गोम चिकटली आहे आणि मी गॅरेजच्या फरशीवर पडलो आहे. मला राग आलेला आहे आणि तो मी लपवणार नाही.

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यात झाला. जाड पत्र्यावर यंत्राचा एकच दणका बसला आणि माझ्या चारही कडा वर उचलल्या गेल्या. एका शाळेतल्या बाईंनी मला घरी आणलं. त्यांच्याकडे मी नऊ वर्षं बिस्किटं भाजली आणि एकदाही तळ करपू दिला नाही. शेजारीण कौतुक करायला लागली की बाई म्हणायच्या, "माझं कसलं कौतुक? ट्रे चांगला आहे." असं बोलणारं माणूस लाभायला नशीब लागतं.

ते नशीब एका रविवारी संपलं. बाईंचे यजमान कृत्रिम दात बनवायचे. सगळं कसं लखलखीत हवं, हा त्यांचा खाक्या. त्यांच्याकडे लग्नाच्या वर्षी घेतलेली लाल स्पोर्ट्स कार होती. दोनच सीट आणि वर छप्पर नाही. तिच्या पोटातून तेल टपकायला लागलं आणि फरशीला डाग पडू नये म्हणून या गृहस्थांनी मला उचलून तिच्याखाली सरकवलं.

"अहो, माझा ट्रे!" बाई ओरडल्या.

"अगं, दोन दिवसांपुरता."

ते दोन दिवस अकरा वर्षं चालले.

मित्रांनो, गाडी दुरुस्त झाली नाही असं समजू नका. ती सारखी दुरुस्त होत होती! मिस्त्री बाईंचाच जुना विद्यार्थी होता आणि हाताचा हुशार होता. पण तो बॉनेट उघडायचा तेव्हा आत इंजिन आरशासारखं चमकत असायचं. तेल कुठून आलं याचा मागमूस नाही. थेंब तळाशी दिसतो म्हणून त्यानं आधी तेल साठतं त्या तळाच्या चेंबरचं पॅकिंग बदललं. मग मागचं सील बदललं, त्यासाठी अख्खं इंजिन खाली उतरवलं. पंधरा दिवसांनी माझ्या अंगावर पुन्हा टप्. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि मला तर तळपायही नाहीत.

मला सगळं ठाऊक होतं. मी खालून बघत होतो. तेल तळातून येतच नव्हतं. इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, म्हणजे टॅपेट कव्हरच्या, मागच्या कोपऱ्यातून ते निघायचं, पाठीवरून ओघळत खाली यायचं आणि सगळ्यात खालच्या बोल्टला लटकायचं. त्याहून संतापाची गोष्ट म्हणजे, दर रविवारी यजमान स्वतः पाना घेऊन त्या झाकणाचे स्क्रू आवळायचे. "थोडं घट्ट असलेलं बरं," असं पुटपुटायचे. झाकणाखालचं बुचाचं पॅकिंग चिरडून फाटलं होतं आणि हे आणखी आवळत होते. मी ओरडणार कसा?

मागच्या महिन्यात ते तेल सायलेन्सरच्या तापलेल्या नळीवर पडलं. भर रस्त्यात गाडीतून धूर निघाला. शेजारच्या सीटवर बाई होत्या. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "लग्नानंतर याच गाडीतून आपण फिरायला गेलो होतो. मला का ती नकोशी आहे? पण जळून मरायचं नाही मला. महिन्याभरात गळती थांबली नाही, तर भंगारवाल्याला बोलवा."

महिना संपत आला. भंगारवाल्याला रविवारची वेळ दिली. गुरुवारी बाईंनी मिस्त्रीला शेवटचं म्हणून घरी बोलावलं. तो येण्याआधी त्या गॅरेजमध्ये आल्या, तर यजमान रॉकेल आणि ब्रश घेऊन इंजिन घासायच्या तयारीत.

"हे काय करताय?"

"मिस्त्री येतोय ना! घाणेरडी गाडी दाखवू का त्याला?"

"दर वेळी असं धुता?"

"मग!"

बाईंनी असा आवाज लावला की मीसुद्धा थरथरलो. "अहो, मुलं चुकलेलं गणित खोडून कोरी वही तपासायला आणायची, तेव्हा मी त्यांना वर्गाबाहेर काढायचे. तुम्हाला कुठे काढू?"

मिस्त्रीनं आल्या आल्या हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "काका, अकरा वर्षं मी आंधळ्यासारखा चाचपडतोय! आज धुवा, शेवटचं. बाई, अंगाला लावायची पावडर आहे का घरात?"

धुऊन वाळवलेल्या इंजिनावर त्यानं पावडरचा डबा रिकामा केला आणि गाडी फिरवून आणली. तेवढा वेळ बाईंनी नवऱ्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं होतं. बॉनेट उघडलं. पांढऱ्या पावडरीवरून एक काळी रेघ वरच्या कोपऱ्यापासून थेट खाली गेली होती.

"हे स्क्रू इतके कुणी आवळले?" मिस्त्रीनं विचारलं.

यजमानांनी पाना हळूच पाठीमागे लपवला.

मिस्त्रीनं वाकलेल्या झाकणाच्या कडा लाकडावर ठेवून हलक्या हातोडीनं सरळ केल्या. बुचाचं नवं पॅकिंग बसलं. स्क्रू बेताचे आवळून मिस्त्री म्हणाला, "पाना मी घेऊन जातोय, काका."

बाईंनी माझ्यावर पांढरा कागद अंथरला. रविवारी सकाळी तो कोराच होता. भंगारवाला हात हलवत परत गेला आणि बाई डोक्याला रुमाल बांधून गाडीत बसल्या. जाण्याआधी त्यांनी मला उचललं, नाकाशी धरलं आणि हळूच खाली ठेवलं. "बिस्किटांना आता नाही रे चालणार," एवढंच म्हणाल्या.

मित्रांनो, गाडी वाचली, बाई हसल्या, याचा मला आनंद आहे. पण राग गेलेला नाही. डाग दिसला की लाजून पुसू नका, आधी तो आला कुठून ते बघा. आणि कुणाला दोन दिवसांपुरतं म्हणून नेलंत, तर तिसऱ्या दिवशी परत आणून द्या. माझ्या अंगाला अजून कधीतरी बिस्किटांचा वास येतो. निदान मला तरी येतो.