मोहन थाळ, वय अठ्ठावीस

‘सर्व्हरलेस’ हा शब्द सुपडू आप्पांना समजावताना विशाखाच्या नाकी नऊ आले. रेशनच्या दुकानापासून बँकेपर्यंत आप्पांनी सगळीकडे एकच वाक्य ऐकलं होतं, सर्व्हर डाऊन आहे. आणि आता त्यांची पोर सांगत होती की यात सर्व्हरच नाही. शेवटी आप्पांनीच त्याचा अर्थ लावला. जो नाहीच, तो बंद कसा पडणार? हे त्यांना पटलं, आणि नको इतकं पटलं. सर्व्हर दुसऱ्या कुणाचा तरी, कुठेतरी लांब असतो, हे सांगायचं तिने सोडून दिलं.

विशाखा सुरतेजवळ कडोदऱ्याच्या एका कापड कंपनीत रोज हेच काम करायची. माहितीच्या फायली इंटरनेटवरच्या फोल्डरात टाकायच्या, अटी घालून प्रश्न विचारायचा, की क्षणात उत्तर हजर. म्हणून समाजाच्या वधू-वर मंडळाची यादीही मंडळ चालवणाऱ्या सुकदेव काकांनी तिच्याच गळ्यात मारली. चारशे मुलं, आणि प्रत्येकाचे रकाने चार: नाव, वय, पत्ता, स्वभाव. ज्याचा रकाना त्यानेच भरायचा, हा काकांचा नियम.

तिथेच घोडं अडलं होतं. आप्पांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं की यादीतून जो मुलगा निघेल, त्याच्याच घरी पोर देईन. विशाखाचं मन मात्र लखनवर बसलं होतं. लखन गोडादऱ्यात मिठाई बनवायचा, मंडळाच्या जेवणावळी त्याच्याकडेच असत. यादीत त्याचं नाव होतं, पण स्वभावाचा रकाना त्याने कोराच ठेवला होता. तिथे काय लिहायचं ते सुचत नाही, म्हणे. विशाखाने तीनदा बजावूनही हा ढिम्म. आणि कोरा रकाना कुठल्याच अटीत बसत नाही.

रविवारी आप्पा लॅपटॉपसमोर बसले आणि अटी सांगू लागले. वय तिशीच्या आत, सुरतेतलाच. अठ्ठावन्न मुलं आली. थोरल्या रंजनाचा नवरा आठ-आठ दिवस तिच्याशी बोलत नाही, हे त्यांना आतून खात होतं. "स्वभाव गोड जोयजे," ते हळूच आपल्या अहिराणीत म्हणाले.

विशाखाने ‘गोड’ ही अट घातली. लखन आता नक्की गळणार होता. गळलाच. त्याच्याबरोबर बाकीचेही सगळे गळले, कारण झाडून सगळ्यांनी ‘मनमिळाऊ’ लिहिलं होतं. पडद्यावर एकच ओळ उरली. मोहनथाळ, अठ्ठावीस, शाळेमागची गल्ली गोडादरा सुरत, गोड पण बेताचा.

काय झालंय ते विशाखाच्या लगेच लक्षात आलं. काकांनी मंडळाच्या मेळाव्याच्या जेवणाची यादी त्याच फोल्डरात टाकली होती, आणि ही सेवा फोल्डरात जे हाती लागेल ते निमूटपणे वाचते. बेसनाच्या मिठाईचं झालं नाव, किलोचं झालं वय आणि आचाऱ्यासाठी लिहिलेल्या शेऱ्याचा झाला स्वभाव. ती तोंड उघडणार, इतक्यात तिची नजर पत्त्यावर गेली. पत्ता लखनचा होता. तिने तोंड मिटलं.

आप्पा मात्र हरखून गेले. मोहन नाव चांगलं आहे, थाळ म्हणजे हे मूळचे खानदेशातल्या थाळनेरचे असणार, आणि बेताचा गोड म्हणजे तोंडदेखला नव्हे, असं त्यांनी भराभर ठरवून टाकलं. टोपी घातली, नारळ घेतला आणि ते विशाखाच्या स्कूटरवर मागे बसले.

शाळेमागच्या गल्लीत लखन कढईत बेसन भाजत होता. विशाखाला पाहून त्याचा झारा हातातच राहिला. आप्पांनी अदबीने विचारलं, "मोहन थाळ शे का?"

"शे ना. कितला किलो?"

"एकच जोयजे," आप्पा गोंधळून म्हणाले. "मनी पोरसाठे."

लखनने कागदावर एक वडी ठेवून पुढे केली. आप्पांनी वडीकडे पाहिलं, मग पोरीकडे. इतकी वर्षं सुरतेत काढलेल्या माणसाला मोहनथाळ ओळखायला वेळ लागायला नको होता, पण मुलगा शोधणाऱ्या बापाला लागला. त्यांनी वडी तोंडात टाकली.

"आप्पा, पत्ता तर हाच निघाला होता," ती कशीबशी म्हणाली.

आप्पा सावकाश चघळत राहिले. मग त्यांनी लखनला त्याचं नाव विचारलं, वय विचारलं आणि शेवटी म्हणाले, "आनि स्वभाव?"

लखन कढईत झारा फिरवू लागला. आप्पांनी बोटं चाटली आणि त्याला फोन काढायला लावला. "लिही. गोड, पन बेताना."

त्याने तिथल्या तिथे रकाना भरला. विशाखाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. या खेपेला दोन नावं आली. वरचं आप्पांनी नुकतंच खाऊन संपवलं होतं. खालच्याच्या हातात त्यांनी नारळ ठेवला.